गरुडाने नेलेली मुलं

अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या वर्कशॉपच्या एका अंगाला गाड्यांचे पत्रे ठोकतात आणि दुसऱ्या अंगाला ॲल्युमिनियमच्या खिडक्या कापतात. मधल्या शेडमध्ये बसून मी लोकांच्या मुलांचे देव करते. कोणी विचारलं की मी मुद्दाम असंच सांगते, कारण 'आर्टिस्ट आहे' म्हटलं की बायका हात पुढे करून मेंदी काढून मागतात.

खरं काम असं आहे. हॉटेलांना आणि मोठ्या व्हिलांना भिंतीवर जुनी वाटणारी तैलचित्रं लागतात. आम्ही कॅनव्हासवर चित्र छापतो, त्यावर खऱ्या रंगाचा हात फिरवतो, वार्निश चढवतो आणि जाड सोनेरी चौकटीत बसवून देतो. आमचा मालक लेबनॉनचा. एकदा तो युरोपातल्या कुठल्याशा राजवाड्यातून मोबाइलभर फोटो घेऊन आला. साडेतीनशे वर्षांपूर्वी तिथल्या राजेरजवाड्यांनी, सरदारांनी, श्रीमंत व्यापाऱ्यांनी आपल्या पोरांची देवांच्या सोंगात चित्रं काढून घेतली होती, त्यांचे ते फोटो. उमरावाची चिमुरडी मुलगी शिकारीची देवी झालेली, कपाळावर चंद्रकोर, हातात धनुष्य, पायाशी कुत्रा. तिचा भाऊ पंख लावून मदन झालेला. तिसरा द्राक्षांच्या वेलात बसून दारूचा देव झालेला, त्याचं अंगावरचं दूध तरी सुटलं होतं की नाही कोण जाणे. मालक म्हणाला, "हबीबी, आपण हेच करायचं. इथल्या लोकांची मुलं, तिथले देव. यल्ला."

ते धो धो चाललं. आईबाप व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात आणि मी त्यातला चेहरा उचलून तयार धडावर बसवते. धडं ठरलेली आहेत. शिकारी देवीच्या एकाच धडावर मी आजवर किती मुलींची डोकी बसवली ते मलाही सांगता येणार नाही. खरं कसब मानेपाशी लागतं. लहान मुलांना मान जवळजवळ नसतेच आणि चित्रातल्या देवांना ती लांब असते. सांधा दिसला की देव मेला. म्हणून मी तिथे कधी मोत्यांची माळ घालते, कधी केस सोडते, कधी सावली टाकते.

मला त्या जुन्या चित्रांची चीड यायची. बापाची ऐट लेकराच्या अंगावर चढवलेली, एवढाच त्याचा अर्थ मला दिसायचा. ती मुलं नीट बघितली की कळतं, रेशीम टोचतंय, कुत्रा ओढतोय, चित्रकार हलू देत नाहीये. चेहऱ्यावर देवपण कसलं आलंय, नुसता कंटाळा. आणि वर गंमत अशी की आम्हीही त्यातलेच. संक्रांतीच्या दिवसांत बोरन्हाण करतो तेव्हा दुसरं काय करतो? पोराला काळं झबलं घालतो, साखरेच्या हलव्याचा मुकुट चढवतो, हातात हलव्याची बासरी देतो, मोरपीस खोचतो आणि म्हणतो, बघा आमचा बाळकृष्ण.

माझ्या भाच्याचं बोरन्हाण शारजात झालं होतं. धाकटी बहीण तिथे राहायची. तिचा नवरा हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत होता. लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघून झालेला हा एकुलता एक मुलगा. बहिणीने हलव्याचे दागिने सासरहून मागवले होते, ते कुरिअरमध्ये थोडे फुटले होते, मी ते डिंकाने चिकटवले. बिल्डिंगमधली सगळी पोरं आली. त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि चॉकलेटं ओतली आणि पोरं त्यावर तुटून पडली. बाळकृष्ण मात्र खाली बघेना. तो मुकुट काढून शांतपणे खात बसला. त्या वेळी मी त्याचा फोटो काढला. मुकुट परत चढवलेला, पण तिरका. गालावर साखर. डोळे थेट माझ्याकडे. मी म्हटलं, "जावईबापू, तुमच्या घराण्यात देवपण टिकायचं नाही, भूक जबर आहे." सगळे हसले.

त्याच उन्हाळ्यात त्याला ताप आला आणि तो डोक्यात गेला. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, त्यात कोणाची कसूर नव्हती, असती तर भांडायला तरी कोणी मिळालं असतं. शेवटी शेवटी त्याच्या हातावर सुई टोचायला जागा उरली नाही तेव्हा पायाला टोचत होते. बहीण त्याचा दुसरा पाय हातात धरून बसली होती. तो पाय गरम होता तोवर तिला वाटत होतं की सगळं ठीक आहे. तो गेला तेव्हा त्याला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती.

एवढ्या लहान लेकराला आमच्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. शहराबाहेर बिगर-मुसलमानांना पुरायची जागा आहे, तिथे गेलो. मी आयुष्यात फार गोष्टींना घाबरत नाही, पण त्या खड्ड्याला घाबरले. गावाकडची माती काढली की भिंतीसारखी उभी राहते. वाळू तशी राहत नाही. माणसं फावड्याने काढत होती आणि कडेची वाळू हळूहळू परत आत येत होती. बहिणीच्या नवऱ्याने त्याला स्वतःच्या हातांनी खाली ठेवलं. परत येताना बहीण गाडीत एकच वाक्य बोलली. "वारा सुटला की उघडा पडेल तो." तिचा नवरा म्हणाला, "नाही पडणार, वर सिमेंट घालतात." ते ऐकून ती ओकली.

पुढच्या महिन्यांत भांडण लागलं ते फोटोवरून. आपल्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला कोणी हार घालत नाही. चुकून घातला तरी घरातली म्हातारी माणसं कावतात. गेलेल्याच्या फोटोला मात्र घालतात, चंदनाच्या पातळ चकत्यांचा, जो सुकत नाही. तो हार बघितला की आलेला माणूस काही विचारत नाही, खाली बघून बसतो. तिच्या सासूने गावाहून फोन करकरून सांगितलं की बोरन्हाणाचा फोटो मोठा करा, हार घाला, दिवा लावा, पोर अडकून राहील, त्याला सुटू द्या. तिच्या नवऱ्याने फोटो मोठा करून आणला. बहिणीने तो भिंतीला लावू दिला नाही. भांडली नाही, रडली नाही. कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. "माझ्या मुलाच्या गळ्यात तो हार मी घालणार नाही," एवढंच म्हणाली. भिंतीवर ठोकलेला खिळा तसाच राहिला.

त्या दरम्यान एकदा ती दोघं मुसफ्फाला माझ्याकडे आली. नवऱ्याला जवळच कंपनीचं काम होतं, तिला तो माझ्याकडे सोडून गेला. त्या दिवसांत तिला एकटीला घरी ठेवायला तो भ्यायचा. मी एका हॉटेलची ऑर्डर करत होते. जुन्या चित्रांच्या नकला होत्या, चेहरे न बदलता तशाच काढायच्या. ओळीने वाळत ठेवलेल्या कॅनव्हासांमधून ती फिरत राहिली आणि एकापाशी थांबली.

त्या चित्रात एक प्रचंड गरुड पंख पसरून वर चाललाय आणि त्याच्या पायांत दोन-तीन वर्षांचा मुलगा आहे. अंगावर लालसर रेशमी कापड उडतंय, पायात बारीक पट्ट्यांच्या चपला, गुटगुटीत मांड्या. खाली जमिनीवर एक कुत्रा मान वर करून भुंकतोय. मुलगा मात्र घाबरलेला नाही. तो सरळ आपल्याकडे बघतोय.

"हा कोण?" तिने विचारलं.

"ग्रीकांच्या गोष्टीतला राजपुत्र. डोंगरावर मेंढ्या राखत होता. त्यांच्या सगळ्यात मोठ्या देवाला तो आवडला. त्याने गरुड होऊन उचलून नेला."

"जिवंत?"

"हो. जिवंत. तिथे तो म्हातारा झालाच नाही म्हणे."

ती कॅनव्हासच्या आणखी जवळ गेली. मग म्हणाली, "ताई, माझ्या पोराला असं कर."

मी हातातला ब्रश खाली ठेवला, आणि त्याला एक कारण होतं. त्या ऑर्डरसाठी मी या चित्रांबद्दल बरंच वाचलं होतं. शिकारीच्या देव्या आणि मदन बहुतेक करून धडधाकट, खेळत्या पोरांचे असत. गरुडाची चित्रं मात्र पुष्कळदा गेलेल्या मुलांची असत. हॉलंडकडच्या श्रीमंत घरांत मूल गेलं की चित्रकाराला बोलावत आणि त्याला असं वर जाताना काढून घेत. खड्ड्यात ठेवलेलं लेकरू भिंतीवर तरी वर गेलेलं दिसावं म्हणून. माझ्या बहिणीला यातलं काहीही माहीत नव्हतं. तिथे देव्या होत्या, मदन होते, द्राक्षं होती, आणि ती नेमकी या एका चित्रापाशी जाऊन उभी राहिली. तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही, नंतर एकदा तिच्या नवऱ्याला तेवढं बोलले. ज्या बाईने हाराला नाही म्हटलं तिला कुठल्या तोंडाने सांगणार होते की हे चित्र म्हणजेही हारच आहे.

मी तयार धड वापरलं नाही. त्याचं अंग मला पाठ होतं, मांडीवरच्या वळ्या, नडगीवरचा तीळ, पुढे आलेलं पोट. चेहरा बोरन्हाणाच्या फोटोतून घेतला. मुकुटाखाली डोकं कसं होतं ते फोटोत दिसत नव्हतं. फोन केला तर बहीण लगेच म्हणाली, "भोवरा डाव्या बाजूला. आणि पुढचे केस झोपत नाहीत त्याचे, उभेच राहतात." मी ते उभे काढले. गालावरची साखर पुसायला निघाले आणि हात थांबला. ठेवली ती.

ती बघायला आली तेव्हा चित्र निम्म्यावर होतं. तिची नजर चेहऱ्यावर गेलीच नाही, गरुडाच्या पायांवर गेली. जुन्या चित्रात होतं तसं मी एक नख त्याच्या दंडावर टेकवलं होतं.

"हे टोचत असेल," ती म्हणाली.

मी ती नखं खरवडली आणि गरुडाला नुसतं कापड धरायला लावलं, झोळीसारखं, आणि पोर त्या झोळीत बसवलं. असा गरुड कुठल्याही जुन्या चित्रात मी पाहिलेला नाही. मग ती म्हणाली की खाली कुत्रा नको, आपल्याकडे कधी कुत्रा नव्हता, त्यापेक्षा त्याचा लाल डंपर ठेव. जमिनीवर मी डंपर काढला, चाकं वर झालेला, खेळता खेळता टाकलेला. रंगवताना माझ्या लक्षात आलं की या चित्रांत आई कुठेच नसते. खाली वाळू, वर पोर. मला इतका राग आला की मी ब्रश भिंतीवर फेकला. शेजारच्या गॅरेजमधला पठाण डोकावून म्हणाला, "बाजी, सब खैरियत?" मी म्हटलं, हो, खैरियत.

चित्र शारजाच्या हॉलमध्ये त्याच रिकाम्या खिळ्यावर लागलं. पहिल्यांदा सगळ्यांना बरं वाटलं. बहीण जेवायला लागली. सकाळी उठून त्याची चौकट पुसायची. तिचा नवरा मला फोनवर म्हणाला, "ताई, थँक यू, खरंच खूप फरक आहे." मलाही वाटलं की आयुष्यभर लोकांची खोटी दैवतं रंगवली, एक तरी खरं काम झालं.

मग एका रविवारी मी तिथे असताना वरच्या मजल्यावर नवीन आलेली पुण्याची बाई भेटायला आली. सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. मुलगी आल्या आल्या चित्रासमोर उभी राहिली. "मम्मा, इज दॅट अ फाल्कन?" इथल्या मुलांना ससाणे शाळेतच दाखवतात, त्यांना त्याचं अप्रूप फार.

"अय्या, किती गोड," तिची आई म्हणाली. "हल्ली करून देतात ना असं, रॉयल थीममध्ये. आमच्या हिचं पण करायचंय. तुमचाच ना? कुठेय तो?"

मी तोंड उघडायच्या आत बहीण हसून म्हणाली, "आत झोपलाय."

"हो का. बाई, मग हळू बोलूया."

"इज दॅट हिज ट्रक?" म्हणत त्या मुलीने डंपरकडे बोट दाखवलं. मग विचारलं, "कॅन आय सी हिम?"

"तो उठला की ये हं," बहीण म्हणाली.

मुलगी मान डोलावून चवड्यांवर चालत सोफ्यापर्यंत गेली आणि बसली. बहिणीचा नवरा उठून स्वयंपाकघरात गेला आणि त्याने नळ सोडला. ती बाई चहा पिऊन जाईपर्यंत आम्ही सगळे हळू आवाजात बोलत होतो. मीसुद्धा. बंद दाराच्या खोलीत कोणी नाही हे माहीत असून मी कप बशीत ठेवताना आवाज होऊ दिला नाही. त्या दिवसाइतकी भीती मला त्या खड्ड्यापाशीही वाटली नव्हती.

असं ती किती जणांना सांगत होती ते नंतर कळलं. प्लंबरला, वरच्या मजल्यावर, लिफ्टमध्ये. चित्राने तिला बळ दिलं होतं, पण ते खोटं बोलायचं बळ होतं. हार नसलेलं, हसतं, नटवलेलं पोर भिंतीवर असलं की लोक विचारणारच, आणि विचारलं की ती म्हणणार, आत झोपलाय.

थंडी सुरू होता होता तिचा नवरा एकटाच माझ्या वर्कशॉपला आला. टर्पेंटाइनच्या वासात बसून खोकत राहिला. मग म्हणाला, "ताई, हमरियातलं आमचं युनिट बंद करतायत. व्हिसा कॅन्सल होईल. पुण्यात जॉब फायनल झालाय. पण ती पॅकिंगला हातच लावत नाही."

"काय म्हणते?"

"म्हणते, तू जा. त्याला इथे कोणाच्या भरवशावर सोडायचं. मी काय बोलू?" त्याने चष्मा काढून पुसला. "तुम्ही एकदा म्हणाला होतात, ती गरुडाची चित्रं कोणाची असायची ते. तिला सांगा. माझं ऐकत नाही ती. चित्र तुम्ही काढलंय, तुमचं ऐकेल."

"आणि ऐकून कोसळली तर?"

"आता काय उभी आहे का ती?"

जावईबापू म्हणून ज्याची मी इतकी वर्षं टिंगल केली तो माणूस कित्येक महिने त्या घरात रोज हळू आवाजात बोलत होता.

पुढच्या शनिवारी मी गेले. दुबई पार करून शारजाच्या तोंडाशी नेहमीचा जॅम लागला. बाजूच्या गाडीत मागच्या सीटवर एक पोर झोपलं होतं, काचेला गाल चिकटलेला. मला मागे फिरावंसं वाटलं, पण त्या रस्त्यावर फिरता येत नाही.

नवरा बाहेर गेला होता. बहीण भाजी निवडत होती, मी तिच्यासमोर बसले आणि सरळ सांगितलं. या चित्रातली मुलं गेलेली असायची. आईबाप ती गेल्यावर काढून घ्यायचे. तू हे चित्र निवडलंस तेव्हाच मला माहीत होतं.

तिने मेथीची जुडी खाली ठेवली नाही. पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "त्या चित्रांना हार असतो?"

"नाही. त्यांच्यात ती पद्धत नाही."

"मग बघणाऱ्याला कळतं कसं?"

"कळत नाही. मलाही पुस्तकातून कळलं. म्युझियममध्ये लोक येतात, 'सो क्यूट' म्हणतात, सेल्फी काढतात आणि पुढे जातात."

"आणि त्यांच्या आया?"

"त्या मेल्या. साडेतीनशे वर्षं झाली."

"म्हणजे आता कोणालाच माहीत नाही की तो गेला," ती म्हणाली. "त्याच्यासाठी कोणी एक मिनिट गप्पसुद्धा बसत नाही."

मी हो म्हटलं. तिने भिंतीकडे बघितलं. मला वाटलं आता ती किंचाळेल किंवा चित्र खाली ओढेल, आणि मी दोन्हीला तयार होते, पण ती उठून भाजी धुवायला गेली. जेवणं झाली. निघताना दारात मला म्हणाली, "तू इथेच असशील ना अजून?"

"व्हिसा आहे तोवर. इन्शाल्ला."

"त्याच्याकडे जात जाशील?"

"जाईन."

"मग चित्र तुझ्याकडे ठेव. त्याचं सगळं पुण्याला नेलं तर इथे त्याचं काहीच राहणार नाही."

मी गाडीत येऊन बसले आणि खूप रडले.

त्यांचं निघायचं ठरलं. पार्सलं गेली, पलंग विकला, लाल डंपर तिने स्वतःच्या हँडबॅगेत ठेवला. शेवटच्या आठवड्यात तिचा फोन आला. "ताई, बर दुबईला येशील? देवळाच्या गल्लीत जायचंय." देऊळ तिथून आता हललंय, पण फुलांची, कुंकवाची, समयांची दुकानं अजून आहेत. मला वाटलं तिला प्रवासाआधी नारळ घ्यायचा असेल. अरुंद गल्ली, दोन्हीकडे मोगऱ्याच्या आणि झेंडूच्या माळा लटकलेल्या, ओल्या फुलांचा वास. ती फुलांपाशी थांबली नाही. आतल्या बाजूच्या एका दुकानात गेली, तिथे काचेच्या कपाटात चंदनाचे हार टांगलेले होते.

मी तिचा दंड धरला. "तू हे करायची गरज नाही. कोणी मागितलेलं नाही."

"तुझ्या घरी लोक येतील," ती म्हणाली. "विचारतील, कुठेय हा. तुला खोटं बोलता येत नाही, ताई. तू काहीतरी फाडकन बोलून बसशील." ती किंचित हसली, कितीतरी दिवसांनी. "हा असला की कोणी विचारणार नाही. गप्प बसतील जरा."

दुकानदार केरळचा, वयस्क. त्याने दोन-तीन हार काढून काउंटरवर पसरले. मोठे होते, आजी-आजोबांच्या फोटोंना घालतात तसले. त्याने विचारलं, "फोटो का साइज कितना है, मॅडम?"

चित्राची मापं मला पाठ होती, चौकट मीच बसवली होती. मी सांगणार तेवढ्यात बहिणीने हात पुढे केला. तिने चौकटीची रुंदी दाखवली नाही. तळवा जमिनीकडे करून आपल्या मांडीपाशी धरला, कोणी विचारलं की केवढा झाला तुमचा मुलगा, तेव्हा आई धरते तसा.

"इतना," ती म्हणाली.

त्या माणसाने तिच्या हाताकडे बघितलं. मग मोठे हार गोळा करून परत टांगले आणि खाली वाकून मागचा खण उघडला. लहान हार तो तिथे ठेवत होता.